वेबपानावरून बारकोड: नंबर ठरवण्यापासून स्टिकर निघेपर्यंत

वेबपानावर बारकोड काढणं आता अगदी सोपं झालंय. एक तयार लायब्ररी (दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला कोड) जोडली आणि चार ओळी लिहिल्या की काळ्या रेघा पडद्यावर हजर होतात. खरी पंचाईत छापल्यावर सुरू होते. स्टिकर दिसायला झकास, पण स्कॅनर ‘बीप’ करत नाही. मग माणूस कोड तपासत बसतो, लायब्ररी बदलतो, स्कॅनरला दोष देतो. दोष बहुतेक वेळा तिसरीकडेच असतो: रेघा कागदावर उतरताना त्यांची जाडी बदललेली असते.

म्हणून या लेखात क्रम थोडा उलटा ठेवलाय. आधी नंबर, मग लेबल आणि प्रिंटर, आणि कोड त्यानंतर. उदाहरणं दोन घेतली आहेत: एक छोटं दुकान आणि एक सार्वजनिक वाचनालय. दोघांच्या गरजा इतक्या वेगळ्या आहेत की जवळपास सगळे प्रश्न त्यांत येऊन जातात.

पायरी १: बारकोडात काय ठेवायचं

नवखा माणूस बारकोडात सगळंच कोंबायला बघतो: मालाचं नाव, किंमत, तारीख, दुकानाचं नाव. तसं करू नका. रेघांच्या बारकोडात फक्त एक नंबर असावा. त्या नंबरावरून नाव, किंमत, शिल्लक हे सगळं डेटाबेसमधून निघतं. किंमत बारकोडात घातलीत, तर भाव बदलला की आधीचे सगळे स्टिकर कचऱ्यात.

आता हा नंबर कुणाचा? माल सुपरमार्केटात किंवा ऑनलाइन बाजारात जाणार असेल, तर तिथे जीएस१ या, मालाचे बारकोड नंबर देणाऱ्या संस्थेकडून मिळालेला नंबर मागतात. आपल्याकडे तो जीएस१ इंडिया देते आणि त्याची सुरुवात ८९० ने होते. ८९० म्हणजे ‘भारतात बनलेला माल’ असा समज व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरतोय, तो चूक आहे. नंबर कोणत्या देशातल्या संस्थेनं दिला, एवढंच त्यावरून कळतं. माल कुठंही बनलेला असू शकतो.

माल फक्त तुमच्याच गल्ल्यावर विकला जाणार असेल, म्हणजे सुटी डाळ पाकिटात भरून ठेवली किंवा घरचा मसाला काउंटरवर मांडला, तर नंबर विकत घ्यायची गरज नाही. २० ते २९ ने सुरू होणारे तेरा आकडी नंबर अशा अंतर्गत वापरासाठी मोकळे ठेवलेले आहेत. ते तुमच्या दुकानाबाहेर निरर्थक असतात, आणि तेच अपेक्षित आहे. एक लक्षात असू द्या: बारकोड लावला म्हणून पाकिटावरची एमआरपी, निव्वळ वजन वगैरे कायद्यानं लागणारी माहिती सुटत नाही. ती २०११ च्या वेष्टनबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे वेगळी छापावीच लागते.

तेरा आकड्यांतला शेवटचा आकडा तपासणीचा असतो. तो असा काढतात: पहिले बारा आकडे घ्या. १, ३, ५, ७, ९, ११ या जागांवरचे आकडे तसेच मिळवा. सम जागांवरच्या आकड्यांची बेरीज करून तिला ३ ने गुणा. दोन्ही मिळून जी रक्कम येईल तिला पुढच्या दहाच्या पटीपर्यंत न्यायला जेवढे कमी पडतात, तो तपासणीचा आकडा. समजा नंबर २०००००००१२३४ आहे. विषम जागांची बेरीज २ + १ + ३ = ६. सम जागांची २ + ४ = ६, त्याच्या तिप्पट १८. एकूण २४. तीसला सहा कमी, म्हणजे पूर्ण नंबर २००००००००१२३४६ नव्हे, तर २०००००००१२३४६. शून्यं मोजताना हाताची अशी गफलत सहज होते, त्यामुळे नंबर हातानं टाइप करूच नका. बहुतेक लायब्रऱ्या बारा आकडे दिले की तेरावा स्वतः काढतात, आणि तेरा दिले तर चुकीचा असल्यास छापायला नकार देतात.

वाचनालयाचं तसं नाही. पुस्तकाच्या मलपृष्ठावर ९७८ ने सुरू होणारा बारकोड असतो, तो आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. मनात येतं, हाच वापरू. पण एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर पाचही प्रतींवर तोच नंबर, मग कोणती प्रत कुणाकडे गेली ते कळणार कसं? शिवाय जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन नसतोच. वाचनालयाकडे प्रत्येक प्रतीचा वेगळा नंबर आधीपासून आहे: दाखल नोंदवहीतला दाखल क्रमांक. बारकोडात तोच घाला. नवी क्रमांकपद्धत शोधून काढायचा मोह आवरा.

पायरी २: प्रकार निवडा

दुकानात विकायच्या मालासाठी ईएएन-१३, म्हणजे वरचा तेरा आकडी नंबर घेणारा बारकोड. आतल्या वापरासाठी कोड १२८. पैसे घ्यायला, वेबपत्ता द्यायला किंवा मराठी मजकूर भरायला क्यूआर. नवख्याला एवढ्यावर भागतं.

कोड ३९ बद्दल एक वाक्य, कारण तो अजून सगळीकडे सापडतो. तो काढायला सोपा आहे, नंबराच्या दोन्ही बाजूंना चांदणी (*) टाकून त्याचा फाँट लावला की झालं. पण तो जागा खूप खातो. आठ आकड्यांचा कोड ३९ कोड १२८ च्या दुप्पट रुंद होऊ शकतो, आणि छोट्या स्टिकरवर ही चैन परवडत नाही.

कोड १२८ थोडा नीट समजून घ्या, त्याचा पुढे उपयोग आहे. यातलं प्रत्येक चिन्ह ११ एकक रुंद असतं. एकक म्हणजे सर्वांत बारीक रेघेची जाडी. सुरुवातीचं चिन्ह ११, तपासणीचं ११ आणि शेवटचं १३ एकक. मधे तुमचा मजकूर. याचे अ, ब, क असे तीन संच आहेत, आणि ‘क’ संचात दोन आकडे एकाच चिन्हात बसतात. म्हणजे आठ आकडी दाखल क्रमांकाला चारच चिन्हं लागतात: ११ + ४४ + ११ + १३ = ७९ एकक.

गंमत पुढे आहे. तोच क्रमांक सात आकडी ठेवलात तर तीन जोड्या होतात आणि एक आकडा एकटा उरतो. त्या एकट्यासाठी संच बदलावा लागतो, बदलायचंही एक चिन्ह, आणि बेरीज जाते ९० एककांवर. म्हणजे आठ आकड्यांचा बारकोड सात आकड्यांपेक्षा अरुंद! आकड्यांची संख्या सम ठेवा आणि पुढे शून्यं लावून ती कायम तेवढीच राखा. दाखल क्रमांक १२३४५ असेल तर बारकोडात ०००१२३४५.

पायरी ३: कागदावरचं गणित

हा भाग टाळून पुढं जाऊ नका.

लेबल प्रिंटर ठिपक्यांनी छापतो. बाजारात सर्वाधिक मिळणारा प्रिंटर २०३ डीपीआयचा, म्हणजे एका मिलिमीटरला ८ ठिपके. एक ठिपका ०.१२५ मिमी. त्याला अर्धा ठिपका छापता येत नाही. म्हणून बारकोडाचं एक एकक दोन ठिपक्यांचं असेल, तीनचं असेल, पण अडीचचं नाही. तुम्ही अडीच मागितलेत तर तो काही रेघा दोनच्या आणि काही तीनच्या छापतो. डोळ्यांना फरक दिसत नाही. स्कॅनर मात्र रेघांच्या जाडीचं प्रमाणच वाचत असतो, त्याचा गोंधळ होतो.

आता हिशेब करू. आठ आकडी कोड १२८, एकक दोन ठिपक्यांचं म्हणजे ०.२५ मिमी. ७९ × ०.२५ = १९.७५ मिमी. त्याच्या दोन्ही बाजूंना किमान दहा-दहा एकक कोरी जागा लागते, म्हणजे आणखी ५ मिमी. एकूण पावणेपंचवीस. ३८ मिमी रुंद स्टिकरवर आरामात बसतं. वाचनालयाचा प्रश्न मिटला.

दुकानाचा मिटत नाही. ईएएन-१३ च्या रेघा ९५ एककांच्या, आणि कोरी जागा डावीकडे ११ व उजवीकडे ७ धरून एकूण ११३ एकक. त्याचं प्रमाणित एकक ०.३३ मिमी, म्हणजे पूर्ण रुंदी ३७.२९ मिमी. ही ८० टक्क्यांपर्यंत लहान करायला परवानगी आहे. पण २०३ डीपीआयवर ०.३३ मिमी म्हणजे २.६४ ठिपके, ते जमत नाही. दोन ठिपके घेतले तर ०.२५ मिमी, म्हणजे ७६ टक्के, मर्यादेच्या खाली. तीन घेतले तर ०.३७५, आणि पूर्ण रुंदी जवळपास साडेबेचाळीस मिलिमीटर. म्हणजे ईएएन-१३ साठी ५० × २५ मिमीचं लेबल घ्या. ३८ चं स्टिकर स्वस्त मिळतं म्हणून घेतलं, तर एक तर नियमाबाहेरचा बारकोड छापाल किंवा कोरी जागा कापाल. स्वतःच्या गल्ल्यावर दोन ठिपक्यांचा बारकोडही बहुधा वाचला जातो, तेवढी सूट स्वतःला द्यायला हरकत नाही. सुपरमार्केटला जाणाऱ्या मालावर देऊ नका.

आडवी रुंदी हवी तशी कमी-जास्त करता येत नसली, तरी उंची कमी केली तर चालते. पण फार बुटका बारकोड नेम धरून वाचावा लागतो आणि रांगेत उभं गिऱ्हाईक वैतागतं.

पायरी ४: प्रिंटर आणि रोल

दोन जाती आहेत. डायरेक्ट थर्मलमध्ये कागदच उष्णतेनं काळा होतो, शाई नाही, रिबन नाही. कुरिअरची लेबलं, वजनकाट्याचे स्टिकर याच जातीचे. ऊन आणि उष्णतेत ते फिके पडतात किंवा सगळेच काळवंडतात. थर्मल ट्रान्सफरमध्ये रिबनवरची शाई वितळून कागदावर बसते, आणि साधा क्रोमो कागद चालतो. छाप टिकाऊ.

महिन्याभरात विकल्या जाणाऱ्या पाकिटाला डायरेक्ट थर्मल पुरे. वाचनालयाच्या पुस्तकाला ते लावणं म्हणजे काही वर्षांनी सगळं काम पुन्हा करणं. तिथे रिबनचा प्रिंटर घ्या, किंवा आहे त्या लेझर प्रिंटरवर ए-४ स्टिकर शीट वापरा. ६५ स्टिकरांची शीट मिळते, त्यातला प्रत्येक साधारण ३८ × २१ मिमीचा, आणि वर हिशेब केलेला आठ आकडी कोड त्यात बसतो. इंकजेटवर शाई कागदात पसरते आणि बारीक रेघा जाड होतात, तो शक्यतो नको.

रोल नवा घातला की प्रिंटरचं कॅलिब्रेशन करून घ्या, म्हणजे दोन लेबलांमधली फट त्याला ओळखता येते. आणि डार्कनेस वाढवून ‘छान काळं’ करण्याच्या मागे लागू नका. जास्त उष्णतेनं रेघा फुगतात आणि मधली पांढरी जागा खाऊन टाकतात.

पायरी ५: पानावर बारकोड काढणं

ब्राउझरमध्येच काढायचा असेल तर दोन मोफत जावास्क्रिप्ट लायब्रऱ्या पुरतात. जेएसबारकोड छोटी आणि शिकायला सोपी, रेघांचे नेहमीचे प्रकार तिच्यात आहेत. बीविप-जेएस मोठी, पण तिच्यात क्यूआर, डेटा मॅट्रिक्स धरून जवळपास सगळं सापडतं. सुरुवात जेएसबारकोडनं करा.

बारकोड एसव्हीजी या चित्रप्रकारात काढा. एसव्हीजीत रेघा भूमितीच्या रूपात राहतात, लहानमोठ्या केल्या तरी कडा धूसर होत नाहीत. पीएनजी नाइलाज असेल तर चालेल, पण तो नेमक्या ठिपक्यांच्या पटीत काढा. जेपीजी कधीच नको, त्यात काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर राखाडी घाण येते. काही जुन्या युक्त्यांमध्ये रेघा म्हणजे काळ्या पार्श्वभूमीचे छोटे चौकोन असतात. ब्राउझर छापताना पार्श्वभूमीचे रंग गाळतो आणि कोरं स्टिकर बाहेर येतं, म्हणून तीही पद्धत सोडा.

जेएसबारकोडची मूळ मांडणी एका एककाला दोन पिक्सेल धरते. छपाईत सीएसएसचा (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेचा) एक पिक्सेल म्हणजे इंचाचा ९६ वा भाग, सुमारे ०.२६ मिमी. त्यामुळे आपला ७९ एककांचा बारकोड जवळपास ४२ मिमीचा होतो, स्टिकरबाहेर जातो, मग माणूस तो सीएसएसनं दाबून ‘बसेल एवढा’ करतो. अडीच ठिपक्यांची भानगड इथेच जन्माला येते.

त्याऐवजी असं करा. पर्यायांमध्ये रेघेची रुंदी १ द्या, समास शून्य द्या, उंची ४८ द्या. खाली आकडे दाखवण्याचा पर्याय बंद करा. शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे: आकड्यांचा मजकूर रेघांपेक्षा रुंद झाला तर लायब्ररी पूर्ण एसव्हीजीच रुंद करते आणि तुमचं माप बिघडतं. आकडे स्वतःच्या एचटीएमएलमध्ये खाली लिहा. मग त्या एसव्हीजीला सीएसएसनं रुंदी १९.७५ मिमी आणि उंची १२ मिमी ठरवून द्या. एक एकक बरोबर ०.२५ मिमी, म्हणजे दोन ठिपके. डावीकडून किती अंतरावर ठेवायचा तेही ०.१२५ च्या पटीत घ्या, ७ मिमी किंवा ७.५ मिमी असं.

मराठी डेटाबेस असेल तर आणखी एक खड्डा आहे. दाखल क्रमांक देवनागरी आकड्यांत साठवलेले असतील, तर कोड १२८ ते घेत नाही, त्यात देवनागरीला जागाच नाही. लायब्ररीकडे देण्याआधी ते इंग्रजी आकड्यांत बदला. स्टिकरवर माणसांसाठी छापताना देवनागरीच ठेवा, वाचनालयातल्या सेवकांना तेच सोयीचं असतं.

सर्व्हरवर बारकोड काढून पीडीएफ द्यायची असेल तर पीएचपीत टीसीपीडीएफ, पायथनमध्ये रिपोर्टलॅब आणि जावात झेडझिंग किंवा बारकोडफोरजे आहेत. हजारो लेबलं एकदम काढायची तर मला पीडीएफचीच वाट बरी वाटते. माप कागदाच्या मिलिमीटरमध्येच लिहिता येतं आणि ब्राउझरच्या लहरी कमी सोसाव्या लागतात.

प्रोग्रॅमिंग येतच नसेल तर? लिबरऑफिसमध्ये क्यूआर आणि कोड १२८ घालायची सोय आतच आहे, पण ती एकेका बारकोडापुरती. यादीवरून शेकड्यानं काढायला जीलेबल्ससारखा लेबलांचा मोफत प्रोग्रॅम घ्या आणि त्याला सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी यादी) फाइल जोडा. वाचनालयात कोहा ही संगणकप्रणाली असेल तर तिच्यात लेबल बनवायचं साधन आधीच आहे, वेगळं काहीच लिहू नका. यादी एक्सेलमध्ये करताना नंबरांचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या. नाहीतर एक्सेल पुढची शून्यं खातो आणि तेरा आकडी नंबर ८.९ ई + १२ अशा रूपात दाखवतो. फाइल तशीच सीएसव्हीत साठवली की मूळ नंबर परत मिळत नाही.

पायरी ६: छापणं

सीएसएसच्या ‘पेज’ नियमात कागदाचा आकार लेबलाएवढा द्या, ५० मिमी × २५ मिमी, आणि समास शून्य. प्रत्येक लेबल एका वेगळ्या खोक्यात ठेवा आणि खोक्यानंतर नवं पान सुरू होईल असं सांगा. शेवटच्या लेबलानंतर मात्र नको, नाहीतर दर वेळी एक कोरं स्टिकर वाया. खोक्याची उंची पूर्ण २५ न ठेवता २४ किंवा साडेचोवीस ठेवा. केसभर जास्त झालं तरी ब्राउझर दुसरं पान उघडतो, आणि एक छापलेलं, एक कोरं असं आलटूनपालटून येत राहतं. ‘प्रिंटर बिघडलाय’ म्हणून येणाऱ्या तक्रारींमागे बरेचदा हेच निघतं.

मग छपाईची खिडकी. समास ‘नाही’. स्केल १००, ‘पानात बसवा’ अजिबात नको. हेडर-फूटर बंद. कागदाचा आकार तोच निवडा, आणि विंडोजच्या प्रिंटर सेटिंगमध्येही तोच आकार आधी नोंदवलेला असू द्या. सीएसएस, ही खिडकी आणि विंडोज या तिन्हींपैकी एक जरी वेगळं बोललं तरी माप हलतं. पहिल्या चाचणीत बारकोडाखाली ४० मिमीची एक सरळ रेघही छापा आणि पट्टीनं मोजा. ती ३८ भरली, तर बारकोडही तेवढाच आक्रसलाय.

रोलवर दोन-दोन स्टिकर शेजारी असतील तर पान म्हणजे ती पूर्ण जोडी, मधल्या फटीसकट. फट पाकिटावर लिहिलेली असली तरी पट्टीनं मोजून घ्या.

पायरी ७: खिडकी न उघडता छपाई

काउंटरवर दर स्टिकरला छपाईची खिडकी उघडणं कंटाळवाणं होतं. पण वेबपानाला तुमच्या प्रिंटरला थेट हात लावायची मुभा ब्राउझर देत नाही, सुरक्षेसाठी. वाटा तीन.

सर्वांत सोपी: क्रोमच्या शॉर्टकटमध्ये ‘किऑस्क प्रिंटिंग’चा पर्याय जोडून तो उघडणं. मग छापा म्हटलं की विचारणा न करता डीफॉल्ट प्रिंटरवर जातं. याच संगणकावरून ए-४ बिलंही निघत असतील तर तीही स्टिकरच्या रोलवर जातील, तेवढं पाहा.

दुसरी: संगणकावर एक मदतनीस प्रोग्रॅम बसवणं. क्यूझेड ट्रे हा त्यातला बराच वापरला जाणारा, झेब्राच्या प्रिंटरसाठी त्यांचाच ब्राउझर प्रिंट आहे. तुमचं पान या मदतनिसाशी बोलतं, तो प्रिंटरला प्रिंटरच्याच भाषेत आज्ञा देतो. झेब्राची भाषा झेडपीएल, टीएससीची टीएसपीएल, बिलाच्या छोट्या प्रिंटरांची ईएससी-पॉस. यात मोठा फायदा म्हणजे चित्र पाठवायचंच नसतं. ‘अमुक जागी, एकक दोन ठिपक्यांचं, कोड १२८, हा नंबर’ एवढंच सांगायचं आणि रेघा प्रिंटर स्वतः नेमक्या ठिपक्यांवर काढतो. वरचं सगळं सीएसएसचं गणित करावंच लागत नाही. झेडपीएलमध्ये कोड १२८ ची आज्ञा देताना शेवटी स्वयंचलित संचाचा पर्याय मात्र द्या. तो न दिल्यास प्रिंटर ‘ब’ संच धरतो आणि आकड्यांचा बारकोड कारण नसताना लांबतो.

तिसरी: प्रिंटर नेटवर्कवर असेल तर सर्व्हरनं त्याच्या ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर आज्ञा पाठवणं. सर्व्हर त्याच इमारतीत असला तर हे उत्तम चालतं. सर्व्हर क्लाउडवर असेल तर दुकानातल्या राउटरमागचा प्रिंटर त्याला दिसत नाही, आणि दिसावा म्हणून ते पोर्ट इंटरनेटला उघडं टाकणं ही शुद्ध आत्महत्या.

ब्राउझरमधून थेट यूएसबीची वाटही आहे, पण ती क्रोमच्या घराण्यापुरती, आणि विंडोजवर प्रिंटरचा नेहमीचा ड्रायव्हर ते उपकरण आधीच धरून बसलेला असतो. नवख्यानं तिच्या नादी लागू नये.

लेबलवर मराठी

ब्राउझरमधून छापलंत तर मराठी नाव पडद्यावर दिसतं तसंच कागदावर येतं. प्रिंटरच्या भाषेत आज्ञा पाठवल्यात तर येत नाही. प्रिंटरच्या आतल्या फाँटांत देवनागरी नसते, आणि बाहेरून फाँट चढवला तरी जोडाक्षरं मोडण्याची धास्ती राहतेच. यावर चांगला तोडगा असा: पानावरच्या कॅनव्हासवर (चित्र काढायच्या चौकटीत) नाव काढा, त्याचं काळं-पांढरं चित्र करा आणि ते चित्र पाठवा. रेघा मात्र आज्ञेनंच. २०३ डीपीआयवर आठ पॉइंटच्या खाली गेलात तर रफार आणि वेलांट्या एकमेकांत मिसळतात. नाव लांब असेल तर अक्षर बारीक करण्यापेक्षा दोन ओळी करा.

पैसे घ्यायचा क्यूआरही याच मार्गानं छापता येतो. त्यात यूपीआयचा एक पत्ता असतो: घेणाऱ्याचा आयडी, नाव, हवी तर रक्कम आणि चलन. चारही बाजूंना क्यूआरमधल्या चार बारीक चौकोनांएवढी कोरी जागा सोडा. दुरुस्तीची पातळी ‘एम’ पुरते, ती १५ टक्क्यांपर्यंतची खराबी सोसते. मधे बोधचिन्ह घालायची हौस असेल तर ‘एच’ घ्या, ३० टक्क्यांची.

पायरी ८: तपासणी

मोबाइलच्या कॅमेऱ्यानं वाचला म्हणजे झालं, असं समजू नका. फोन फार समजूतदार असतो, फाटका बारकोडही तो ओढूनताणून वाचतो. जो स्कॅनर काउंटरवर असणार त्यानंच तपासा. नोटपॅड उघडा, दहा-वीस स्टिकर स्कॅन करा, आलेले नंबर यादीशी ताडा. पहिल्याच फटक्यात वाचलं जायला हवं.

रंगीत पाकिटावर थेट छापणार असाल तर रेघा लाल नकोत. बहुतेक स्कॅनरचा प्रकाशच लाल असतो, त्याला लाल रेघ पांढरी दिसते. लोणच्याच्या बारीक बरणीवर बारकोड असा लावा की रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक येतील. उभ्या लावल्या तर दोन्ही टोकं गोलाईवर वळतात आणि निम्म्या रेघा स्कॅनरला दिसतच नाहीत. पुस्तकावर लेबल लावून वर पारदर्शक टेप मारायची पद्धत आहे, तेव्हा टेपची घडी रेघांवर पडू देऊ नका.

वेबपानाच्या बाजूनं पाहिलं तर यूएसबी स्कॅनर म्हणजे एक कीबोर्डच. तो नंबर टाइप करतो आणि शेवटी एंटर मारतो. म्हणून नंबराच्या रकान्यात कर्सर आधीच ठेवा, आणि एंटरनं अर्धवट फॉर्म पुढे जाणार नाही हे पाहा. आपल्याकडची खास अडचण म्हणजे संगणकावर मराठी इनस्क्रिप्ट चालू असताना कुणी स्कॅन केलं, तर बारकोडात इंग्रजी मोठा ‘डी’ असेल तिथे ‘अ’ उमटतो. स्कॅनर ठीक असतो, कीबोर्डची भाषा चुकलेली असते. रकान्यात आलेलं देवनागरी अक्षर पानानं ओळखावं आणि ‘कीबोर्ड इंग्रजी करा’ असं स्पष्ट सांगावं.

शेवटी एक बटण विसरू नका: पुनर्छपाईचं. स्टिकर फाटतात, मुलं उपटतात, पुस्तकबांधणीत जातात. नंबर टाकला की तेच लेबल एका प्रतीत पुन्हा निघालं पाहिजे. आणि बाद केलेल्या पुस्तकाचा क्रमांक नव्या पुस्तकाला पुन्हा देता येणार नाही, अशी अट डेटाबेसमध्येच घाला. जुनं पुस्तक कुणाच्या तरी माळ्यावरून सात वर्षांनी परत येतं.